दारात पडलेली काच, घरच्या घरी वर

जूनच्या पहिल्या सरी नागपुरात कधी येतील याचा नेम नाही, आणि नेमकी तेव्हाच कारची काच दारात धपकन पडते. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण काच हलत नाही? मग बहुधा रेग्युलेटरची (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटली आहे किंवा काच पकडणारी प्लास्टिकची क्लिप. नवा भाग मिळेपर्यंत एवढं करा:

१. हँडलच्या वाटीतले आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढा. ते बहुतेक छोट्या झाकणाखाली लपलेले असतात. आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर हाच फोटो कामी येतो.

२. दाराचं आतलं पॅनल खालच्या कडेपासून हळू ओढा, क्लिपा टकटक सुटतील. लोखंडी पेचकसापेक्षा जुनं एटीएम कार्ड बरं. उन्हात वाळलेल्या क्लिपा तुटतातच; दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा.

३. आतलं प्लास्टिक न फाडता सोलून बाजूला करा. काळा चिकट गोंद तसाच राहू द्या.

४. एकाने दोन्ही तळव्यांनी काच वर धरावी, दुसऱ्याने तिच्या खालच्या कडेखाली मापाची लाकडी पट्टी टेकवावी. वरून, चौकटीवर रुंद टेप.

प्लास्टिक पुन्हा नीट चिकटवा, नाहीतर पावसाचं पाणी थेट पायाखालच्या मॅटवर येतं.

दारात हात घालण्याआधी स्विचचा कनेक्टर काढा, जाड हातमोजे घाला. आतल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, माझ्या मनगटाला विचारा.