दिव्यांग कामगार घ्यायचा ठरवलाय? मग आधी शॉप फ्लोअरवर चला

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी मी दिव्यांग कामगार भरतीचं काम करते. त्यात कर्णबधिर मुलं-मुली सर्वांत जास्त, मग पोलिओमुळे किंवा अपघातामुळे पायाने अधू असलेले, आणि ऑफिसच्या कामासाठी काही दृष्टिहीन. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, यांना झेपेल असं आमच्याकडे काय आहे?" मी त्याचं उत्तर केबिनमध्ये बसून देत नाही. शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, ज्या जागेवर माणूस हवाय ती जागा दाखवा म्हणते.

तिथे उभं राहून कामाची फोड करायची. समजा फायनल इन्स्पेक्शनचं टेबल आहे. बिनमधून, म्हणजे डब्यातून, पार्ट उचलायचा, बर (कडेला उरलेली धातूची कूस) आहे का बघायची, गो/नो-गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं साधन) लावायचा, पास झालेला ट्रेमध्ये, नापास लाल बिनमध्ये आणि दर तासाला शीटवर आकडा. यातल्या कुठल्या पायरीला कान लागतात? एकाही नाही. पाय कुठे लागतात? तर आठ तास उभं राहायला. पण उभं राहूनच करायला हवं असं त्या कामात काही नाही, योग्य उंचीचं स्टूल आजवर कुणी ठेवलेलं नाही इतकंच. बिन भरून वीस किलोचं होत असेल तर ते अर्धंच भरून द्यायचं किंवा ट्रॉलीवर ठेवायचं. फोड कागदावर उतरली की "झेपेल का" हा प्रश्न आपोआप लहान होतो. दोन-तीन ठिकाणी काय बदलायचं, एवढंच उरतं.

मग जाहिरात वाचा. "धडधाकट उमेदवार हवा", "उत्तम संभाषणकौशल्य आवश्यक", "स्वतःची दुचाकी असावी" ही वाक्यं मागच्या जाहिरातीतून तशीच उचललेली असतात. पॅकिंगच्या कामाला संभाषणकौशल्य कशाला? काढून टाका. संपर्कासाठी नुसता फोन नंबर देऊ नका, व्हॉट्सअॅपवर मेसेज चालेल असं लिहा. ज्याला ऐकू येत नाही तो तुम्हाला फोन कसा करणार?

उमेदवार कुठे मिळतील, हे कठीण नाही. आयटीआय, विशेष शाळा, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, कर्णबधिरांसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दृष्टिहीनांसाठी नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड). पण सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे कर्णबधिर तरुणांचे आपापसातले व्हॉट्सअॅप ग्रुप. एक जण तुमच्याकडे नीट रुळला की त्याच्या एका व्हिडिओवर पुढचे अर्ज येतात. आणि एकाला वाईट वागवलंत तर तेही तितक्याच वेगाने पसरतं.

मुलाखतीला बरेचदा आई किंवा वडील सोबत येतात आणि प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर तेच देतात. त्यांची काळजी खरी असते, त्यांना तोडून बोलू नका. "काका, तुम्ही चहा घ्या, मी याच्याशी थोडं बोलते" म्हणायचं आणि उमेदवाराकडे बघून बोलायचं. सांकेतिक भाषेचा दुभाषा असेल तरी नजर उमेदवाराकडेच हवी. दुभाष्याला "त्याला विचारा ना" असं म्हणायचं नाही. तोंडी मुलाखतीपेक्षा हातात पार्ट आणि माप घ्यायचा व्हर्निअर द्या. एकदा करून दाखवा, मग करायला सांगा. अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही प्रश्नोत्तरात कळणार नाही. "हे कसं झालं?", "लग्न झालंय का?", "घरचे सांभाळतात का?" हे प्रश्न वर्ज्य. विचारायचंय ते एकच: या कामात तुला कुठे अडेल आणि त्यासाठी काय लागेल? उत्तर आलं की लिहून घ्या, कारण ते पुढे पाळायचंय.

इथवर सगळे येतात. कामगार सोडून जातो तो साधारण पहिल्या-दुसऱ्या महिन्यात, आणि ते मालकामुळे नाही, लाइन सुपरवायझरमुळे घडतं. सुपरवायझर वाईट असतो म्हणून नव्हे, त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं म्हणून. सोमवारी सकाळी एक नवा मुलगा त्याच्यापुढे उभा केला जातो आणि प्रॉडक्शनचा आकडा मात्र तोच राहतो. म्हणून कामगार रुजू व्हायच्या आधी सुपरवायझरला, शेजारच्या टेबलवरच्या दोघांना आणि गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या दादांना बसवून तासभर बोला. सिक्युरिटीला विसरू नका. "ओ, कुठे चाललात" अशी मागून हाक मारली आणि मुलगा थांबला नाही, म्हणून पहिल्याच दिवशी गेटवर गचांडी धरल्याचं मी पाहिलंय.

कर्णबधिर कामगाराशी कसं बोलायचं? बोलावताना खांद्यावर हलका हात किंवा टेबलवर थाप. समोर उभं राहून, तोंडावर उजेड असताना, मास्क खाली घेऊन. ओरडण्याचा उपयोग नाही, ओठांचा आकार बिघडतो. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: "लिहून दिलं की झालं" हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. जी मुलं लहानपणापासून ऐकू न येता वाढली त्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे. तिचं व्याकरण वेगळं. मराठी त्यांच्यासाठी शाळेत शिकलेली दुसरी भाषा. "काल जे पार्ट रिवर्कला (दुरुस्तीला) पाठवले होते ते आल्यावर आधी तपासून मगच नवीन लॉट घे" हे वाक्य त्यांना चक्रावून टाकतं. त्याऐवजी: "रिवर्क पार्ट येतील. आधी ते तपास. नंतर नवीन लॉट." आणि सोबत फोटो. "समजलं का?" विचारू नका, मान हलतेच. "करून दाखव" म्हणा.

थोडी सांकेतिक भाषा शिकाच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार खुणांचा शब्दकोश आहे, व्हिडिओ फुकट बघता येतात. थांब, चूक, बरोबर, धोका, जेवण, सुट्टी, ओव्हरटाइम, पगार, दुखतंय का, एवढ्यापासून सुरुवात पुष्कळ झाली. शॉपच्या नेहमीच्या वस्तूंना, गेजला, फिक्स्चरला (पार्ट धरून ठेवायच्या साच्याला), मुलं स्वतःच खुणा करतात, त्या त्यांच्याकडून शिकून घ्या. आणि ती तुमचीही खूण ठरवतात, प्रत्येक माणसाला एक. एका सुपरवायझरची खूण होती खिशाला अडकवलेलं पेन. त्याला ती कळल्यावर तो स्वतः लाइनवरच्या इतरांना शिकवायला लागला आणि तिथून त्या लाइनचं वातावरणच बदललं.

माहितीची खरी गळती सकाळच्या मीटिंगमध्ये होते. एका कारखान्यात ड्रॉइंगमध्ये बदल झाला, एका बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, घट्ट केला गेला. शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांच्या घोळक्यात ते तोंडी सांगितलं गेलं. मुलगा घोळक्यात मागे उभा होता. त्याने जुन्याच मापाने दिवसभर पार्ट पास केले, लॉट ग्राहकाकडून परत आला आणि ठपका त्याच्या नावावर बसला. "यांना घेतलं की असंच होतं" हे वाक्य मी तिथे ऐकलं. त्याच्या टेबलवरचा गेज मात्र कुणी बदललेला नव्हता. आम्ही तिथे एक पांढरा बोर्ड लावला: आज काय बदललं, पार्ट नंबर, जुनं माप, नवं माप, सही. प्रत्येकाने वाचून सही करायची, ऐकू येणाऱ्यांनीसुद्धा. नंतर कळलं की मशीनच्या आवाजात मागच्या रांगेला त्या मीटिंगमधलं कधीच धड ऐकू जात नव्हतं.

सुरक्षेवरून घाबरून नकार देणारे मालक खूप. त्यांची भीती मी टाळत नाही, सेफ्टी ऑफिसरला घेऊन लाइनवर फिरते. कुठली सूचना फक्त आवाजातून मिळते, त्याची यादी करायची. मशीनचा अलार्म? लाल-पिवळा-हिरवा टॉवर लॅम्प बसवा. फोर्कलिफ्टचा हॉर्न? जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांची वेगळी वाट, वळणावर बहिर्गोल आरसा आणि फोर्कलिफ्टला पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा. आगीचा भोंगा? त्यासोबत लुकलुकणारा दिवा, टॉयलेटमध्येसुद्धा, कारण तिथे माणूस एकटा असतो. प्रत्येक शिफ्टमध्ये त्याला बाहेर काढायची जबाबदारी नावानिशी दोघांवर, एक रजेवर असतोच. कानाचं मशीन वापरणाऱ्याला गोंगाटात ते फार त्रास देतं. कुठे काढून ठेवायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा आणि घामा-तेलापासून वाचवायला झाकणाची डबी द्या. ऐकू येत नाही म्हणून इअरप्लग नको असं समजू नका. उरलेलं ऐकणंही जपायचं असतं.

पायाने अधू असलेल्यांसाठी मी सगळ्यात आधी टॉयलेट बघते. तिथे कमोड आणि धरायला दांडी नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. बायकांच्या टॉयलेटमध्ये तर हमखास नसतं, आणि मग त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. रॅम्प करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हा उतार पाळा. माल चढवायला केलेला उभा घसरता रॅम्प चालत नाही. साइड व्हीलच्या स्कूटरला गेटजवळ छपराखाली जागा द्या, पावसाळ्यात कुबडी ओल्या फरशीवर घसरते. हजेरीचं मशीन तपासा: बोटं गमावलेल्यांचे किंवा कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे ठसे उमटत नाहीत आणि महिनाअखेर पगार कापला जातो. कार्ड द्या नाहीतर चेहऱ्याची हजेरी घ्या.

ऑफिसात दृष्टिहीन व्यक्ती घेतलीत तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, तो मराठीही वाचतो. पण तुमची पत्रं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर तो निरर्थक अक्षरं वाचत सुटतो. फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर त्याला काहीच सापडत नाही. टायपिंग युनिकोडमध्ये आणा, सगळ्यांचंच भलं होईल. कंपनीचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर चालतं का, हे ऑफर लेटर द्यायच्या आधी त्या व्यक्तीलाच बसवून बघा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या कामगाराला शिकवणारा माणूस एकच ठेवा, टेबल रोज बदलू नका, पायऱ्यांचे फोटो समोर लावा. मानसिक आजाराबद्दल कुणी विश्वासाने सांगितलं तर ते एचआरच्या फाइलबाहेर जाता कामा नये.

आता कागदपत्रं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, 2017च्या एप्रिलपासून लागू. त्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे. खासगी कारखान्याला सरकारी नोकरीसारखं 4 टक्के आरक्षण नाही. पण समान संधी धोरण लिहून ते जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. 20 किंवा जास्त कामगार असतील तर त्यात कुठली पदं योग्य, निवड कशी, कुठल्या सोयी हेही लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. इंटरनेटवरून उचललेलं धोरण चिकटवू नका. वर केलेली कामाची फोड हेच तुमचं धोरण.

पगारपत्रकात दोन गोष्टी नेहमी चुकतात. 40 टक्के किंवा जास्त कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व किंवा अंधत्व असलेल्याला महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे, तरी महिन्याला 200 रुपये कापले जातात. प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि कपात थांबवा. दुसरं, ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) महिन्याची पगारमर्यादा इतरांना 21,000 रुपये असली तरी दिव्यांग कामगाराला 25,000 आहे. त्याला आधीच योजनेबाहेर काढू नका. पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात, आणि स्लिप कशी वाचायची हे त्याला समजावून. भावाच्या खात्यात पगार पाठवायची विनंती आली तर नम्रपणे नाही म्हणा.

एक गोष्ट जिवाभावाने सांगते. या पट्ट्यात प्रेसवर, म्हणजे धातू दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, बोटं गेलेले कामगार कमी नाहीत. त्यातले कित्येक उपचारानंतर घरी बसतात आणि त्याच वेळी त्यांचाच मालक मला "एखादा दिव्यांग माणूस द्या" म्हणतो. सरकारी आस्थापनेला कायदा सांगतो की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही. तुम्हाला ते कलम तसं लागू नसेल, पण तुमचे पार्ट, तुमची मशीनं, तुमची माणसं त्याला पाठ आहेत. पहिला फोन त्याला करा. स्टोअर, टूल रूम, इन्स्पेक्शन, जिथे त्याचा हात चालेल तिथे बोलवा. ईएसआयचा अपंगत्व लाभ मिळतोय म्हणून पगार कमी लावू नका, तो त्याच्या गेलेल्या बोटांचा आहे. आणि त्या प्रेसला आधी गार्ड आणि दोन हातांचं बटण बसवा.

वर्ष झालं की वाढीच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा. इन्स्पेक्शनवर बसवलेला मुलगा पाच वर्षं तिथेच, आणि त्याच्यानंतर आलेले सेटर (मशीन लावून देणारे) झाले, असं सर्रास दिसतं. सीएमएम (अचूक मापं घेणारं संगणकीय मशीन) शिकायला पाठवायचं असेल तेव्हा त्यालाही विचारा, दुभाषा लावून शिकवा. तो चांगल्या पगारासाठी दुसरीकडे निघाला तर अडवू नका. अनुभवपत्रात कुठली मशीनं, कुठले गेज, किती वर्षं, हे सविस्तर लिहा. "दिव्यांग असूनही" हे शब्द त्यात घालू नका.