रक्ताची गुठळी कॉम्प्युटरवर : या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी मेकॅनिकलची. बायॉलॉजी दहावीनंतर सुटलं, आणि पुढे संशोधनाला विषय मिळाला रक्त गोठण्याच्या सिम्युलेशनचा. याच वाटेने येणाऱ्यांना एकच आग्रहाचं सांगणं आहे: गुठळीला हात लावण्याआधी नुसतं वाहतं रक्त नीट जमवा.

कारण प्लेटलेट, म्हणजे गुठळी घडवणारी रक्तातली बारीक पेशी, चिकटायची तर आधी ती भिंतीपाशी पोचली पाहिजे, आणि तिला तिथे पोचवतात लाल पेशी. रक्ताच्या आकारमानाचा साधारण ४५ टक्के भाग त्यांचाच असतो. लाल पेशी सुमारे ८ मायक्रोमीटरची, प्लेटलेट जेमतेम २ ते ३. वाहताना लाल पेशी नळीच्या मध्याकडे सरकतात आणि प्लेटलेट कडेला ढकलल्या जातात. हे मॉडेलमध्ये दिसत नसेल, तर पुढची गुठळी कितीही खरी वाटली तरी मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आमची पद्धत डीपीडी, म्हणजे डिसिपेटिव्ह पार्टिकल डायनॅमिक्स. होगरब्रुग आणि कोलमन यांनी ती १९९२ मध्ये मांडली. इथला एक कण म्हणजे द्रवाच्या अनेक रेणूंचा पुंजका. जवळ आलेल्या कणांमध्ये तीन बलं लागतात: एकमेकांना दूर लोटणारं, घर्षणाचं आणि यादृच्छिक. शेवटची दोन मनाला येतील तशी ठरवता येत नाहीत, तापमानाने ती एकमेकांशी बांधलेली असतात. घर्षणाचा गुणांक ४.५ आणि तापमान १ (दोन्ही डीपीडीच्या स्वतःच्या एककांत) घेतलं, तर यादृच्छिक बलाचा गुणांक ३ च येतो. हे गणित एकदा कागदावर स्वतः सोडवा. मग लॅम्प्स (LAMMPS) या कणांच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर साधी सरळ नळी चालवा. वेगाचा आलेख पॅराबोला आला पाहिजे, आणि तापमान वर सरकत असेल तर टाइम स्टेप, म्हणजे गणनेत एका वेळी पुढे सरकण्याचा काळ, लहान करा.

एक गोष्ट पुस्तकी अभ्यासात सहज निसटते. श्मिट नंबर म्हणजे द्रवाचा चिकटपणा त्यातले कण पसरण्याच्या मानाने किती, याचा आकडा. पाण्याचा तो हजाराच्या घरात असतो, साध्या डीपीडीत तो १ च्या आसपास येतो. म्हणजे तुमचे कण खऱ्या द्रवापेक्षा फार सहज पसरतात. रसायनांचं वहन मोजणार असाल, तर घर्षणबलाचं वजन-फलन (अंतरानुसार ते बल किती कमी होतं हे ठरवणारं सूत्र) बदलून हा आकडा वाढवावाच लागतो.

यानंतर चिकटणं. पिव्हकिन, रिचर्डसन आणि कार्नियाडाकिस यांचा २००६ मधला पेपर आधी वाचा. प्लेटलेट सक्रिय व्हायला थोडा वेळ घेते, आणि तेवढ्यात प्रवाह तिला पुढे वाहून नेऊ शकतो. गुठळीची वाढ आणि आकार यांवर या उशिराचा किती परिणाम होतो, ते त्यात फार सुंदर उलगडलं आहे.

शेवटची अडचण वेळेची. शरीरात गुठळी मिनिटांत वाढते. लाल पेशींसकट चालवलेलं सिम्युलेशन मोठ्या क्लस्टरवरही (एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांवरही) बहुधा काही सेकंदांपलीकडे जात नाही, म्हणून चिकटण्याचा वेग कृत्रिमरीत्या वाढवतात. त्यात गैर काही नाही. पण तो किती पट वाढवला, हे प्रबंधात आलेखाशेजारीच लिहा. परिशिष्टात टाकू नका.