मंगळावरच्या जुन्या जीवरेणूंचा प्रयोग : या चुका टाळा

मंगळासारख्या मातीत अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक रेणू) मिसळायचं, अतिनील दिव्याखाली ठेवायचं आणि ते किती टिकतं ते पाहायचं, असा हा प्रयोग. मंगळ लाल, म्हणून कासच्या पठाराकडचा लाल जांभा आणायचा, इथेच प्रयोगाचा पाया चुकतो. लाली म्हणजे गंजलेलं लोह, आणि लोह इतकं गंजलं तिथे कार्बनी रेणूही सहसा तग धरत नाहीत. 2013 साली नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळावरच्या गेल विवरात पहिलं भोक पाडलं तेव्हा लाल धुळीखालून करडी भुकटी निघाली. त्याच परिसरातल्या 'कंबरलँड' नमुन्यात डेकेन, अनडेकेन आणि डोडेकेन हे लांब कार्बनसाखळीचे रेणू सापडल्याचं 2025 मध्ये जाहीर झालं. तो खडक जुन्या तळ्यातल्या चिखलाचा; त्यात सुमारे 20 टक्के स्मेक्टाइट, म्हणजे पाण्याने फुगणारं थरांचं चिकणमातीचं खनिज आहे. सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या भेगाळणाऱ्या काळ्या मातीत स्मेक्टाइट भरपूर असतं. तीच घ्या.

पण ती थेट वापरू नका. तिच्यात मुळातच सेंद्रिय द्रव्य असतं, ते आधी काढावं लागतं. भट्टीत 500 अंशांच्या वर तापवलं तर स्मेक्टाइटची थरांची रचनाच मोडू लागते. त्यापेक्षा 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड बरं. ते हातमोजे आणि चष्मा घालून, मोठ्या बीकरमध्ये थेंबाथेंबाने घाला. या मातीतल्या मँगनीजमुळे फेस भसाभस वर येतो. फसफस थांबेपर्यंत कोमट ठेवा आणि नंतर नीट धुवा. पेरॉक्साइड उरलं तर ते तुमचं अमिनो आम्लच खाऊन टाकेल.

दिव्याखाली मातीचा ढीग ठेवला तर आठवड्यानेही फरक दिसत नाही, कारण अतिनील किरण मातीत मिलिमीटरभरही शिरत नाहीत. 9 सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये 2 ग्रॅम माती ग्लायसिन या साध्या अमिनो आम्लाच्या द्रावणात कालवून पसरा. वाळल्यावर जेमतेम पाव मिलिमीटरचा थर उरतो. झाकण काढा, साधी काच 254 नॅनोमीटरचे किरण अडवते. दिवा बंद खोक्यातच लावा, डोळ्यांना इजा होते. शेजारी तशीच एक डिश फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, आणि ग्लायसिन न घातलेली तिसरी उघडी.

फॉइलमधल्या डिशमधूनही घातलं तितकं परत आलं नाही, तर रेणू मोडला असं लिहू नका. तो मातीला चिकटलेला असू शकतो. ग्लायसिन पाण्याने बरंचसं सुटतं. लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर धनभार असल्याने ते थरांत घट्ट बसतं, त्याला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं. अमिनो आम्ल मोजायला वापरायच्या निनहायड्रिनने उघड्या बोटांचे ठसेही जांभळे होतात, तेव्हा हातमोजे शेवटपर्यंत काढू नका.

परक्लोरेट (क्लोरिन आणि ऑक्सिजन असलेला क्षार) घालून नमुना तापवण्याचा मोह तर अजिबात नको, सेंद्रिय द्रव्यासोबत त्याचा स्फोट होऊ शकतो. 1976 साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी माती 500 अंशांपर्यंत तापवली आणि हाती क्लोरिनयुक्त मिथेन आले. ते सफाईच्या रसायनांचे अंश मानले गेले. मंगळाच्या मातीत परक्लोरेट असल्याचं फिनिक्स यानाने 2008 साली दाखवलं; तापवल्यावर ते सेंद्रिय द्रव्यापासून असेच रेणू बनवू शकतं, तेव्हा त्या निकालाकडे नव्याने पाहावं लागलं.

दिव्याचा निकाल फक्त पृष्ठभागाला लागू आहे. खालच्या मीटर-दोन मीटरमध्ये वैश्विक किरण कोट्यवधी वर्षं रेणू तोडत राहतात, म्हणून युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरचा ड्रिल 2 मीटरपर्यंत जाणार आहे. कंबरलँडचा खडक वाऱ्याने झिजून उघडा पडल्याला साधारण 8 कोटी वर्षंच झाली आहेत, त्याआधी तो खाली झाकलेला होता. अहवालात थराची जाडी, तरंगलांबी आणि तास लिहा. 'मंगळावर रेणू इतकी वर्षं टिकतो' हे वाक्य या प्रयोगातून निघत नाही.