थंडीच्या लाटेचा अंदाज आला की काय करावे? खान्देशातल्या शिवारासाठी आणि घरासाठी

काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडल्याची बातमी आली की खान्देशातल्या माणसाने ती दूरच्या मुलखाची म्हणून सोडून देऊ नये. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ तिकडे बर्फ टाकून पूर्वेला सरकतो. मग त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान-मध्य प्रदेश ओलांडून सातपुड्याच्या अलीकडे उतरतात. इथवर पोचायला त्यांना बहुधा दोन-तीन दिवस लागतात. तयारी करायची ती याच दिवसांत. पारा उतरल्यावर धावपळ करून केळीचा बाग वाचत नाही.

दर हिवाळ्यात तोरणमाळ, डाब, मोलगीकडचे पांढऱ्या गवताचे व्हिडिओ ‘सातपुड्यात बर्फवृष्टी’ म्हणून फिरतात. ते गोठलेले दव असते. बर्फ पडायला ढग लागतात आणि आपल्याकडची कडाक्याची रात्र नेमकी निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग असले तर त्यातली बरीच परत खाली येते, आकाश मोकळे असले तर फार जास्त निघून जाते. म्हणून अंदाजात ‘ढगाळ’ लिहिले असेल तर त्या रात्रीपुरता जीव भांड्यात पडू द्या. ‘निरभ्र, कोरडे हवामान’ लिहिले असेल तर कामाला लागा.

अंदाज कसा वाचावा

आपले तिन्ही जिल्हे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, हवामान विभागाच्या ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात. विभागाच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ ॲपवर जिल्हावार इशारा रंगात दिसतो. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. ‘मेघदूत’ ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, तोही पाहावा.

थंडीची लाट कशाला म्हणायचे याचे माप ठरलेले आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले, तर थंडीची लाट. त्याहून जास्त उतरले तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी न पाहताच लाट धरतात, २ अंशांवर आला तर तीव्र लाट. समजा, तुमच्या भागाची सरासरी ११.५ अंश आहे. मग ७ अंशांना लाट जाहीर होईल, ८ अंशांना होणार नाही. पण केळीला हा फरक कळत नाही, तिला ८ अंशही जाचतातच. ‘लाट’ हा शब्द बातमीत यायची वाट पाहत बसू नका, अंदाजातला किमान तापमानाचा आकडा पाहा.

आपल्या शिवाराचा आकडा काढा

पेपरात छापून येणारे धुळ्याचे तापमान कृषी महाविद्यालयातल्या नोंदीचे असते. ते त्या जागेचे आहे, तुमच्या शेताचे नाही. शिवाय वेधशाळेतला तापमापक लाकडी जाळीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर टांगलेला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताच्या पात्यालगतची हवा त्याहून कित्येक अंश गार असते. पेटीत पारा शून्याच्या वर असतानाही दव गोठते ते यामुळेच.

त्यासाठी एक किमान-कमाल तापमापक विकत घ्यावा, फार महाग नसतो. शेतात भिंतीपासून दूर, सावलीत, छातीच्या उंचीवर टांगावा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहावा. शेजारी त्या दिवशीचा जिल्ह्याचा आकडाही लिहावा. आठ-पंधरा दिवसांत फरक लक्षात येतो. तुमचे शेत दोन अंशांनी गार असेल, तर ९ अंशांच्या अंदाजाला तुम्ही ७ धरायचे. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. त्यामुळे नाल्याकाठचा, नदीच्या खोऱ्यातला तुकडा उंचावरच्या तुकड्यापेक्षा जास्त गारठतो. एकाच गटात दोन तऱ्हा असू शकतात. काम सुरू करायचे ते खोलगट भागापासून.

आणखी एक पाहून ठेवा : वारा आहे की पडला आहे? उपाय त्यावर ठरतो.

केळीचा बाग

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको की केळीची वाढ १६ अंशांखाली मंदावते आणि १० च्या आसपास जवळपास थांबते. पाने पिवळी पडतात, नवे पान सुरळीतच अडकते, निसवणीला आलेला घड पोंग्यात कोंडतो, फळाच्या सालीखाली तपकिरी रेषा उमटतात. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत घड सांभाळायचा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या केळीच्या कांदेबागेत कोवळे रोप सांभाळायचे असते आणि माझ्या मते जास्त काळजी त्याचीच घ्यावी, कारण त्याच्या मुळ्या अजून खोल गेलेल्या नसतात.

पहिला उपाय पाणी. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. विहिरीचे, बोअरचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. लाट येणार त्या दिवशी दुपारीच वाफसा पाहून जमीन ओली करावी आणि ठिबक शक्यतो पहाटेच्या प्रहरी चालवावे, कारण तापमान सर्वांत खाली जाते ते सूर्योदयाच्या सुमारास. थ्री-फेज लाइट रात्रपाळीची असेल तर या आठवड्यापुरती ती सोयीचीच. मात्र पाटपाण्याने बाग तुंबवू नका, गारठलेल्या मुळ्यांना साचलेले पाणी सोसत नाही.

दुसरा उपाय आडोसा. वारा वाहता असेल तर बागेच्या उत्तर बाजूला शेडनेट, तुराट्यांचे ताटवे किंवा जुन्या साड्या बांधाव्यात. पुढच्या लागवडीच्या वेळी बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावली, तर हे दरवर्षी करावे लागत नाही. घडांना स्कर्टिंग बॅग घालावी. कांदेबागेतल्या रोपांच्या बुंध्याशी उसाचे पाचट किंवा केळीचा वाळका पाला पसरावा. हिरवी पाने या दिवसांत कापू नयेत.

धूर तिसरा. वारा पडलेल्या पहाटे बांधावर ठिकठिकाणी ओलसर काडीकचरा, पऱ्हाट्या पेटवून धूर धरला तर तो बागेवर तरंगतो आणि उष्णता थोडीफार अडवतो. वारा असेल तर धूर शेजाऱ्याच्या शेतात जातो, तुमची झोप मात्र जाते. नुसत्या धुरावर विसंबून पाण्याकडे दुर्लक्ष करू नये.

बाकीची पिके आणि जनावरे

गव्हाला थंडी मानवते, त्याची चिंता नको. हरभरा फुलात असेल तर हलके पाणी द्या. शहाद्याकडची पपई केळीइतकीच हळवी आहे, तिलाही वरचेच उपाय लागू. भाजीपाल्याची रोपवाटिका संध्याकाळी झाका आणि ऊन आले की उघडा.

गोठ्यात सर्वांत आधी खालची जमीन कोरडी करा. अंगावर गोणपाट टाकले पण खाली ओल राहिली, तर जनावर रात्रभर उभेच राहते. भुस्सा किंवा पाचटाचा जाड थर द्या, उत्तरेकडची बाजू बंद करा, वरून मात्र हवा खेळती ठेवा. सकाळी हौदातले बर्फगार पाणी पाजू नका, ताजे उपसलेले पाजा. करडे, वासरे आणि कोंबडीची पिल्ले रात्री आत घ्या.

माणसे

घराघरांत स्वेटर असतात, पण उसाच्या फडावरच्या कोपीत नसतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत तान्ही मुलेही असतात. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर लाटेच्या आधी दोन गोष्टी नक्की करा : जमिनीवर अंथरायला भरपूर पाचट आणि ताडपत्री द्या, आणि कोपीची वाऱ्याकडची बाजू झाकून द्या. अंगावरच्या गोधडीइतकेच खालचे अंथरूण महत्त्वाचे, कारण गार जमीन पाठीतून ऊब ओढून घेते. तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे, डोक्याला टोपी घालावी. याहून चांगली ऊब दुसरी नाही.

नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. थंडीने त्यांच्या सांध्यांत, हाडांत असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला पहाटे नदीवर आंघोळीला पाठवू नका. दिवसभर कोमट पाणी पाजत राहा, गोळ्या चुकवू नका आणि वेदना किंवा ताप वाढला, श्वास लागला तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्या.

दम्याचे, रक्तदाबाचे, हृदयविकाराचे वयस्कर रुग्ण असतील तर त्यांनी पहाटेचे फिरणे उन्हावर ढकलावे. रात्री पाणी भरायला जाणाऱ्याने कानटोपी घालावी, कोरडे मोजे जवळ ठेवावेत आणि एकट्याने जाऊ नये. भिजलेला माणूस कुडकुडत असेल तर ओले कपडे काढून त्याला पांघरुणात घ्या, गरम गोड चहा द्या. कुडकुडणे थांबले पण बोलणे अडखळू लागले, झोप अनावर झाली, तर तो बरा होत नाही, बिघडतो आहे. १०८ ला फोन करा. दारूने ऊब येते असे वाटते, प्रत्यक्षात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकोटी अंगणात करा, झोपण्यापूर्वी विझवा आणि मगच दार लावा.

पांढरे गवत पाहायला तोरणमाळला निघणाऱ्यांसाठी एवढेच : ते सकाळी ऊन चढेपर्यंतच दिसते, म्हणून मुक्काम लागतो आणि मुक्कामाला पुरेसे पांघरूण सोबत न्यावे लागते. गाडीच्या काचेवर दव गोठले असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

विम्याची नोंद

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान ही जोखीम धरलेली आहे. अलीकडच्या वर्षांत १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाई, अशी अट होती. विमा भरताना त्या वर्षीचा शासन निर्णय वाचून घ्यावा. इथे आकडा ग्राह्य धरतात तो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा, तुमच्या वहीतला नाही. तरीही वही ठेवा, तापमापकाचा तारखेसह फोटो काढा. तुमच्याकडे पाच अंश आणि मंडळाच्या केंद्रावर अकरा, असा फरक रोज दिसू लागला तर हंगाम संपायची वाट न पाहता गावातल्या दहा-बारा बागाईतदारांच्या सह्यांचा अर्ज, वहीच्या प्रतींसह, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.