वायोमिंगच्या रेड डेझर्टमध्ये प्राँगहॉर्नची शिकार: तयारी कशी करावी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला शिकार म्हटलं की बंदूक आठवते. वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्नची, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या जनावराची, शिकार करायची तर खरं काम मात्र कागद आणि नकाशाचं असतं, आणि ते वसंतातच सुरू होतं.

आधी परवानगी. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून आधी परवाना, मग बंदूक. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे बंधन नाही. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्रही लागतं.

मग सोडत. प्राँगहॉर्नचे परवाने सोडतीने मिळतात. बाहेरच्या राज्यातल्या अर्जदारांसाठी बहुतेक परवाने प्रेफरन्स पॉइंटनुसार, म्हणजे वर्षागणिक साठत जाणाऱ्या अग्रक्रमाच्या गुणांनुसार, दिले जातात. ज्या वर्षी नंबर लागत नाही, त्या वर्षी पॉइंट घेऊन ठेवता येतो. टाइप १ म्हणजे नर किंवा मादी कोणतंही जनावर, टाइप ६ म्हणजे फक्त मादी किंवा पिल्लू. पहिल्याच वेळी जाणाऱ्याने माझ्या मते टाइप ६ साठीच अर्ज करावा. स्वस्त पडतो, आणि मटण तेवढंच चांगलं. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात राज्यात प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले आणि परवाने कमी करावे लागले, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचा कोटा बघाच.

आता जमीन. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. परवाना सहज मिळणारे शिकारीचे बरेच विभाग खासगी जमिनीने व्यापलेले असतात. वन्यजीव खातं अशा विभागांपुढे सार्वजनिक प्रवेश अवघड असल्याची सूचना छापतं, ती वाचल्याशिवाय अर्ज भरू नका. रेड डेझर्टमध्ये बीएलएमची, म्हणजे संघीय सरकारच्या जमीन खात्याची, मोकळी जमीन भरपूर आहे. पण आय-८० महामार्गाच्या आसपास, पूर्वी रेल्वे कंपनीला अनुदान म्हणून दिलेल्या जमिनींमुळे, एक चौरस मैल सरकारी, शेजारचा खासगी, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी वाटणी आहे. खासगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात गेलेल्या शिकाऱ्यांच्या बाजूने दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिला. तरीही नवख्याने सलग सरकारी पट्टाच निवडावा. जमिनीच्या मालकीचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, कारण आत रेंज नसते. जोडीला कागदी नकाशाही ठेवा.

हा प्रदेश साधारण २००० मीटर उंचीवर आहे. झाड नाही, सावली नाही, नुसतं सेजब्रश नावाचं खुरटं झुडूप आणि वारा. पिण्याचं पाणी, जादा पेट्रोल आणि दोन चांगले स्पेअर टायर सोबत हवेतच. पाऊस पडला की कच्च्या रस्त्याचा चिखल चाकांना घट्ट चिकटतो. अशा वेळी गाडी दामटू नका, रस्ता वाळेपर्यंत थांबा.

प्राँगहॉर्नची नजर भलतीच तीक्ष्ण असते. उंचवट्यावर पालथं पडून दुर्बिणीने कळप शोधायचा, तो पाण्याकडे कधी जातो ते पाहायचं आणि ओहोळाच्या आडोशाने सरकत जवळ जायचं. धावत्या जनावरावर गोळी झाडू नका. दोनशे यार्डांवर बसून, आडव्या वाऱ्यात नेम बसेपर्यंत उन्हाळाभर सराव करा. वायोमिंगमध्ये फ्लोरोसंट केशरी किंवा गुलाबी कपडा अंगावर असावाच लागतो.

शेवटी मटण. जनावर पडलं की प्रथम परवान्याचं कूपन फाडून, तारीख नोंदवून सही करा. मग लगेच आतडी काढा, कातडं सोलून घ्या. हंगाम सुरू होतो तेव्हा दुपारी ऊन कडक असतं, आणि प्राँगहॉर्नचं मटण उग्र लागतं ही तक्रार बहुतेक वेळा ते वेळेत थंड न केल्याचीच असते. केस मटणाला लागू देऊ नका. टाइप ६ चा परवाना असेल तर मादी आहे याची खूण धडावर राहू द्या, तपासणीत ती बघतात. तुकडे गेम बॅगमध्ये, म्हणजे शिकारीचं मटण ठेवायच्या कापडी पिशवीत, घालून बर्फाच्या कूलरमध्ये ठेवा, पण वितळलेल्या पाण्यात भिजू देऊ नका. कूलर आणि बर्फ निघतानाच भरून घ्या, आणि कापून-बांधून देणाऱ्या प्रोसेसरला आठवडाभर आधी फोन करा. हंगामात त्यांची शीतगृहं भरलेली असतात.