तालीम, ज्युदो की कराटे : लढण्याची शैली पारखावी कशी आणि शिकावी कशी

साताऱ्यात किंवा सांगलीत घरातले मूल नऊ-दहा वर्षांचे झाले, की त्याला कुठे घालायचे यावर चर्चा सुरू होते. आजोबांना तालीम हवी असते, आईला शाळेच्या पटांगणावरचा कराटेचा क्लास वेळेच्या दृष्टीने सोयीचा वाटतो आणि मुलाने मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती पाहून तिसरेच काहीतरी ठरवलेले असते. मग ‘यातले भारी काय’ हा प्रश्न माझ्यासारख्या जुन्या खोंडाकडे येतो. कराडजवळच्या एका तालमीत सहा वर्षे माती अंगाला लावल्यावर मी सांगलीत ज्युदो शिकलो आणि पुढे काही काळ बॉक्सिंगचे हातमोजेही चढवले. तेवढ्या अनुभवावर एवढेच सांगता येते, की प्रत्येक शैली तिच्या नियमांनी घडवलेली असते. म्हणून शैली पारखायची असेल तर आधी तिचे नियम वाचावेत. जिंकायचे कशाने, बंदी कशाला आणि पंच दोघांना सोडवतो कधी, या तीन गोष्टी कळल्या, की त्या शैलीचा माणूस कसा उभा राहील, कसा पडेल आणि कुठे उघडा पडेल, हे बहुतेक सांगता येते.

कुस्तीपासूनच सुरुवात करू, कारण ती आपल्या मातीतली आहे. मातीच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकली, की कुस्ती निकाली झाली. पैलवानाची सगळी शरीरभाषा या एका नियमातून येते. खाली येताना तो अंग चोरून पालथा होतो, पोट मातीला लावतो, हातपाय पसरून जड होतो आणि वरच्याला मोळी किंवा घिस्सा यांसारखा उलटवण्याचा डाव सापडू देत नाही. मॅटवरच्या फ्रीस्टाइलमध्ये चितपट कायम आहे, पण तिच्या जोडीला गुण आहेत. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती आणि दहा गुणांची आघाडी झाली, की लढत तिथेच संपते. ग्रीको-रोमनमध्ये तर कमरेखाली हातच घालता येत नाही, त्यामुळे एकेरी पटावर, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याच्या डावावर, वाढलेला आपला मुलगा तिथे हात बांधल्यासारखा होतो. मातीत पाय रुतत असल्यामुळे दम आणि ताकद जास्त लागते, तर मॅटवर पहिल्या दोन सेकंदांची चपळाई निर्णायक ठरते.

माती ते मॅट हा बदल वाटतो तितका सोपा नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना वडिलांकडूनच कुस्तीचे बाळकडू मिळाले होते, तरी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि तिथले नियम त्यांच्या सवयीचे नव्हते आणि ते सहाव्या क्रमांकावर राहिले. हेलसिंकीचे कांस्यपदक १९५२ साली आले. एवढ्या तयारीच्या मल्लाला जिथे वेळ द्यावा लागला, तिथे आपल्या मुलाने दोन महिन्यांत मॅटवर चमकावे अशी अपेक्षा धरू नये.

ज्युदोत मला स्वतःला जो झटका बसला, तो सांगण्यासारखा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये उभी केलेली ही पद्धत वरवर पाहिली, तर कुस्तीची बहीणच वाटते. सेओई-नागे हा त्यांचा डाव पाहून आपला कोणताही पैलवान ‘ही तर आपली धोबीपछाड’ असे म्हणेल. पहिल्याच आठवड्यात माझ्याहून बारा-तेरा किलोने हलक्या मुलाने मला खेचले. मी सहा वर्षांच्या सवयीने झटकन पालथा झालो, कोपरे आत घेतली आणि आता हा मला उलटवून दाखवू दे, अशा निश्चिंतीने पडून राहिलो. त्याने मला उलटवण्याचा प्रयत्नच केला नाही. तो पाठीवर आला, माझ्याच जाड सुती अंगरख्याची कॉलर त्याने मानेभोवतून ओढली आणि चार-पाच सेकंदांत मला मॅटवर थाप मारून हार मानावी लागली. तालमीत जे मला वाचवत होते, त्यानेच इथे मला बुडवले, कारण ज्युदोत गळा आवळणे आणि कोपराला कुलूप लावणे हे मोठ्या वयोगटात नियमात बसते. उलट खाली काही घडत नसेल, तर पंच थोड्याच वेळात दोघांना उभे करतो, म्हणून केवळ पालथे पडून वेळ काढणारे ज्युदोकाही पुष्कळ भेटतात. जोरात आणि नियंत्रणाने पाठीवर फेकले किंवा वीस सेकंद दाबून धरले, तर पूर्ण गुण मिळून लढत संपते. पायाला हात घालण्यास आंतरराष्ट्रीय नियमांत २०१३ पासून पूर्ण बंदी आल्यामुळे पट काढण्याची सवय घेऊन आलेल्या पैलवानाला सुरुवातीला दंडच जास्त होतात.

ठोसा आणि लाथ यांच्या शैलींत अंतर हा कळीचा मुद्दा असतो. स्पर्धेच्या तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, धडावरच्या लाथेला दोन गुण असतात आणि डोक्यावरच्या लाथेला तीन, त्यामुळे खेळाडूचे हात खाली असतात आणि सगळा डाव पायांवर चालतो. कराटेच्या गुणांच्या कुमितेमध्ये, म्हणजे दोघांतल्या लढतीत, नियंत्रित स्पर्श झाला, की पंच थांबवतो, म्हणून झेप घेऊन मारायचे आणि लगेच बाहेर पडायचे, ही लय अंगात मुरते. क्योकुशिन या शाखेत मात्र अंगावर पूर्ण ताकदीचे प्रहार चालतात आणि हाताने चेहऱ्यावर मारण्यास बंदी असते, त्यामुळे तिथले लोक छातीला छाती लावून उभे राहतात. दोन्ही कराटेच, पण एकाच्या सवयी दुसऱ्याकडे नेल्या तर मार बसतो. बॉक्सिंगमध्ये फक्त मुठी असतात आणि त्याही पट्ट्याच्या वर. पण डोके हलवायला आणि समोरून येणारा हात उघड्या डोळ्यांनी पाहायला जितके बॉक्सिंग शिकवते, तितके दुसरे काही शिकवत नाही, असे माझे मत आहे.

मर्दानी खेळांना या तुलनेत ओढू नये. लाठीकाठी, दांडपट्टा, बोथाटी यांत पदलालित्य, मनगटाचा वळसा आणि चारी दिशांचे भान उत्तम तयार होते, पण गावोगावच्या पथकांत सराव बहुधा प्रात्यक्षिकाचा असतो आणि समोरचा माणूस विरोध करत नसतो. फरी-गदक्याचा सराव जिथे ढाल आणि छडी घेऊन दोघांत खरोखर होतो, तिथे जरूर जावे.

वर्ग पाहायला जाताना

नियम समजले, तरी शेवटी शिकवणार वस्तादच. म्हणून पैसे भरण्याआधी त्या तालमीत किंवा वर्गात वेगवेगळ्या वारी तीनदा जाऊन कोपऱ्यात बसावे. पहिल्या अर्ध्या तासात सगळीकडे सारखेच दिसते, म्हणजे धावणे, जोर, बैठका आणि मोठ्या आवाजात मोजणी. पाहायचा तो शेवटचा अर्धा तास. त्या वेळात मुले एकमेकांशी खरी लढत घेतात का, समोरचा हात सोडवून घेण्याचा प्रयत्न करतो का, की दोघेही ठरलेल्या ठोशाला ठरलेला बचाव करत महिनोन्‌महिने नाचतात, हे तेव्हा कळते. ज्या वर्गात विरोध करणारा जोडीदार मिळत नाही, तिथे शैली कोणतीही असो, कवायत शिकायला मिळते, लढणे नाही.

नवख्याची जोड कोणाशी लावली जाते, हेही लक्षपूर्वक पाहावे. चांगला वस्ताद नव्या पोराला जाणत्या, हात राखून खेळणाऱ्या पैलवानाकडे देतो. दोन नवखे एकमेकांच्या अंगावर सोडले, तर खांदा आणि गुडघा यांपैकी काहीतरी जाणारच. हार मानल्याची थाप पडताच पकड सुटते का, वस्ताद ‘बस’ म्हणाला की खरोखर बस होते का, यावर त्या जागेची शिस्त कळते. मातीचा हौदा नियमित खणला जातो का आणि त्यात ताक, तेल, हळद पडते का, हे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. मॅट असेल तर ती रोज पुसतात का, हे विचारावे. नायटा झालेल्या मुलाला बरे होईपर्यंत बाहेर बसवत नसतील, तर तो संपूर्ण तालमीला होतो आणि औषधाने लवकर हटतही नाही.

कराटेच्या बाबतीत एक सावधगिरी वेगळी सांगावी लागते. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिची स्वतंत्र फी, प्रमाणपत्राची वेगळी आणि दीड वर्षात काळा पट्टा, असा हिशेब कोणी मांडला तर उठून यावे. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या भिंतीवर अशी सात प्रमाणपत्रे लागली होती आणि तिला नीट पडायला कोणी शिकवलेच नव्हते. शाळेच्या पायरीवरून घसरली तेव्हा तिने हात टेकला आणि मनगट मोडून घेतले.

मुलींना तालमीत जागा नाही, हे म्हणणे निदान सांगलीत तरी कोणी करू नये. २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. स्वतंत्र वेळ, कपडे बदलायची जागा आणि शक्यतो महिला प्रशिक्षक आहे का, एवढे पाहावे आणि निर्धास्त घालावे.

पहिले सहा महिने

शैली कोणतीही निवडली, तरी पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी पक्क्या कराव्यात, पडणे आणि दम. पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल ठेवायची, तळहात टेकून आधार घ्यायचा नाही आणि पूर्ण हाताने जमिनीवर थाप मारून धक्का पसरवायचा, हे ज्युदोत पहिल्या दिवसापासून घोटून घेतात. तालमीत ते बहुधा पडता पडता येते. तालमीत जाणाऱ्यानेही ते वेगळे शिकून घ्यावे, कारण फरशीवर किंवा डांबरावर मातीची दया नसते. दमासाठी सातारकरांना अजिंक्यताऱ्याची चढण आहे, तिथे दुसरे यंत्र लागत नाही. सांगलीकरांनी चैत्र-वैशाखात पहाटेच पळून घ्यावे.

जोर-बैठकांचे आकडे ऐकून कोणी बहकू नये. अमका पैलवान हजार जोर मारायचा, हे खरे असले तरी त्याने दहापासूनच सुरुवात केली होती. दहा-दहाचे तीन फेरे नीट अंग वाकवून करावेत आणि आठवड्याला थोडे वाढवावेत. मानेवर वजन घेण्याचे प्रकार पहिले तीन महिने टाळावेत. खऱ्या लढती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, अर्ध्या ताकदीने घ्याव्यात. प्रहाराच्या शैलीत मुलांना डोक्यावर मार घेऊ देऊ नये. कोणाच्याही डोक्याला लागून चक्कर, मळमळ किंवा गोंधळ जाणवला, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा, डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरू नये.

खुराकावर फार चर्चा होते, पण नवख्याला ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, अंडी आणि पुरेशी झोप यापलीकडे काही लागत नाही. जत्रेचे मैदान तोंडावर आले, की अंग लवकर भरावे म्हणून इंजेक्शनचा सल्ला देणारा कोणीतरी तालमीच्या दारात उभा असतोच. त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. वजनगटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडणे हाही तसाच मूर्खपणा आहे.

दोन शैली समोरासमोर

तुलना चर्चेत करू नये, करूनच पाहावी. त्यासाठी वजनाने जवळपास सारखे असलेले दोन मित्र, हौदा किंवा मॅट आणि शिट्टी वाजवणारा तिसरा जाणता माणूस एवढे पुरते. पहिली दोन मिनिटे कुस्तीच्या नियमांनी, पुढची दोन कराटेच्या नियमांनी आणि शेवटची दोन मिश्र घ्यावीत. मिश्र फेरीत कराटेवाल्याने उघड्या तळव्याने फक्त धडाला स्पर्श करायचा आणि पैलवानाने त्याला खाली आणायचे.

साताऱ्यात आम्ही हा प्रयोग केला, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांचा निकाल अर्थातच ज्याच्या त्याच्या बाजूने लागला. तिसरीत पैलवान पकडीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याच्या छातीवर तीन स्पष्ट थापा बसल्या होत्या. एकदा हात कमरेला पोहोचला आणि मग कराटेवाल्याला पुन्हा उभे राहताच आले नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट शिट्टीवाल्याने पाहिली. पटासाठी शिरताना पैलवान दर वेळी डोके खाली घालत होता आणि ते नेमके कराटेवाल्याच्या गुडघ्याच्या रेषेत जात होते. कुस्तीत गुडघा मारत नाहीत, म्हणून ती सवय कोणी कधी मोडली नव्हती. दुसऱ्याच्या बाजूने पाहिले, तर स्पर्श झाला की कराटेवाला क्षणभर थांबत होता, जणू पंच आता हात वर करणार, आणि त्या क्षणीच तो पकडला जात होता. अशा नोंदी वहीत लिहून ठेवाव्यात, कारण पुढच्या महिन्याच्या सरावाला विषय तिथेच मिळतो.

दुसरी शैली जोडायची असेल, तर पहिलीत निदान एक वर्ष काढल्यावर जोडावी. तालमीतल्या मुलाने बॉक्सिंगकडे जावे आणि कराटे-तायक्वांदोवाल्याने कुस्ती किंवा ज्युदोकडे, म्हणजे ज्या अंतरावर आपण आंधळे आहोत ते आधी दिसते. ज्युदोच्या पहिल्या दिवशी नखे कापून, अंगठी आणि गळ्यातला दोरा घरी ठेवून जावे आणि आपण तालमीतून आलो आहोत हे प्रशिक्षकाला आधीच सांगावे, नाहीतर नवखा समजून तो आपली जोड अजून पडायला न शिकलेल्या पोराशी लावतो.