भिंगाचा चष्मा घेताय? आधी टेप शोधा

सोल्डरिंग, जुने रेडिओ, चावीची घड्याळं, दागिन्यांची डागडुजी असलं काहीतरी बारीक काम करणारे आणि पंचेचाळिशी ओलांडलेले जे कोणी असाल, त्यांच्यासाठी लिहितोय. डोक्याला लावायचं भिंग मागवायचं ठरलंय ना, मग मोबाइल बाजूला ठेवा आणि टेप काढा. शिलाईच्या डब्यातली चालेल. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या टेबलाशी, हातात सोल्डरिंगचं आयर्न धरून पाठ सरळ ठेवून बसा आणि डोळ्यापासून सर्किट बोर्डापर्यंत किती अंतर भरतं ते घरातल्या कुणालातरी मोजायला लावा. स्वतः मोजू नका, मोजताना माणूस वाकतोच. आकडा कागदावर लिहून ठेवा. माझा ३५ सेंमी येतो. मागच्या वेळी हे न मोजता नुसतं "३.५ पट" वाचून ऑर्डर टाकली, आणि ते भिंग निघालं १० सेंमीवर दिसणारं. १० सेंमी म्हणजे साडेतीनशे डिग्रीला तापलेलं टोक जवळजवळ नाकाशी, फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्या राळेसारख्या पदार्थाचा) धूर सरळ आत, काच धुरकट, आणि आयर्न तिरकं घालायलाही जागा नाही. घड्याळजींचं तेवढ्या जवळून भागतं कारण त्यांच्या हातात चिमटा असतो. शिवाय त्यांचं टेबल बघा, छातीपर्यंत उंच असतं, मान मोडून बसायला लागत नाही.

डोळे तपासून घ्या. हे सांगायला लागू नये, पण चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होऊन जवळचं दिसेनासं होणं वेगळं आणि मोतीबिंदूमुळे धुरकट दिसणं वेगळं, आणि मोतीबिंदूवर कितीही पटीचं भिंग लावलं तरी धुरकटच मोठं होऊन दिसणार. तपासणीला जाताना तो कागद न्या. वाचायचा नंबर साधारण ३५-४० सेंमी धरूनच काढतात, तुमचं काम २५ वर होत असेल तर ते तुम्हीच सांगायला पाहिजे, समोरच्याला कसं कळणार. फुटपाथवर मिळणारे तयार +२, +२.५ चे चष्मे पोथी वाचायला ठीक, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, नसतोच. सिलिंडर असलेल्याने ते लावून बारीक पाय सोल्डर करायला बसलं की तासाभरात डोकं धरतं.

आता हिशोब, सोपा आहे. १०० भागिले भिंगाचा नंबर, आलं सेंमीमधलं अंतर. +२ ला ५०, +३ ला ३३, +४ ला २५, +५ ला २०, +१० ला १०. पण (आणि इथेच बहुतेक जण फसतात) भिंगाखाली जो चष्मा तुम्ही घालणार त्यातला वाचायचा नंबरही यात मिळवायचा. म्हणजे लांबचा चष्मा लावून +३ चं भिंग घेतलंत तर ३३ सेंमी, पण प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेला चष्मा) घातलाय, त्याचा खालचा भाग +२.५ चा आहे आणि तुम्ही त्याच खालच्या भागातून बघताय, तर झाले ५.५, अंतर आलं १८. तेच भिंग, तोच माणूस, आणि अंतर जवळजवळ निम्मं! म्हणून अंतर मोजताना आणि भिंग लावून बघताना चष्मा तोच घाला जो कामाच्या वेळी घालणार आहात. मायनस नंबरवाल्यांचं बरं असतं, -३ वाल्याने चष्मा काढला की ३३ सेंमीवर फुकटात दिसतं, त्यांनी आधी तेवढंच करून बघावं.

खोक्यावरची पट हा प्रकार मनावर घेऊ नका. कोणी नंबराला ४ ने भागून पट छापतं, कोणी त्यात वर १ मिळवतं, आमचं ३.५ म्हणजे १० भागिले ४ अधिक १. दुकानदाराला पट विचारू नका, फोकसचं अंतर विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुकानात भिंग डोक्याला लावा, खिशातून टेप काढा आणि हातातल्या पावतीवरची अक्षरं कुठे स्पष्ट होतात ते मोजा. पुण्याच्या तपकीर गल्लीत उभ्या उभ्या टेप लावून मोजताना लोक बघतात, बघू देत.

किती मोठं दिसायला हवं हा पुढचा प्रश्न, आणि इथे सगळ्यांना हाव सुटते. ०८०५ साइजचा एसएमडी (थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवायचा) रेझिस्टर २ मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद असतो. त्याच्यावर "१०३" म्हणजे १० किलोओहम, हे वाचायला वेगळं भिंग लागतं आणि तो जागेवर धरून सोल्डर करायला वेगळं. सोल्डर करताना दोन्ही डोळ्यांनी दिसणं, खोली कळणं, आयर्नला वाट असणं महत्त्वाचं, तिथे थोडीशी पट पुरते. आकडा वाचायला आणि जोड नीट बसलाय का बघायला हातातलं १० पटीचं भिंग, जे अडीच सेंमीवरून बघायचं, तेव्हा आयर्न स्टँडवर. दोन्ही कामं एका भिंगात बसवायला गेलात की एकही धड होत नाही. जास्त पट घेतली की दिसणारा गोल लहान होतो आणि मान जराशी हलली तरी फोकस जातो, हे कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. लांबूनच मोठं दिसायला हवं असेल तर दातांचे डॉक्टर लावतात तसले दुर्बिणीसारखे लूप मिळतात, अडीच पट आणि तरी अंतर ४० सेंमीच्या आसपास, पण महाग, आणि तिथे डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतरही जुळावं लागतं. नाहीतर स्टिरिओ मायक्रोस्कोप, त्याला ०.५ ची बार्लो (खालच्या बाजूला लावायचं जादा भिंग) लावली की खाली साधारण १६ सेंमी मोकळी जागा मिळते. तेही घ्यायच्या आधी मोजा.

उजेड. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, त्यामुळे कधीकधी भिंगाऐवजी चांगला टेबल लॅम्पच हवा असतो. आधी दिवा बदलून बघा, कदाचित +१ कमी पुरेल. आणि +१ कमी म्हणजे अंतर जास्त. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडून घ्यावा. भिंगावरचा छोटा एलईडी चकचकीत सोल्डरवर परत डोळ्यात मारतो, मी तो बंदच ठेवतो.

भिंग म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे. कापलेले वायरचे तुकडे गोळीसारखे उडतात. ग्राइंडर लावायचा तर आत गॉगल पाहिजेच, आणि चालू ड्रिलमध्ये किंवा लेथवर भिंग लावून डोकं घालू नका, जवळचं अंतर म्हणजे डोकंही जवळ.

बाकी, पट्टा फार आवळू नका, अधूनमधून मान वर करून खिडकीबाहेर बघा, काच शर्टाने पुसू नका, साबणाच्या पाण्याने धुवा. सेल काढून ठेवा. उन्हात उघडं भिंग सोडू नका, टेबलावरचा कागद पेटतो. परत करता येईल अशाच दुकानातून घ्या, आणि खोकं फाडायच्या आधी एकदा टेप लावा.